शिस्त

मराठीच्या तासाला 'शिस्त' हा शब्द आला की मुलं आपोआप ताठ बसतात. उर्दूच्या तासाला तोच शब्द आला तर मला हातानं बंदूक धरल्यासारखं करून दाखवावं लागतं. फारसीतून आलेला हा शब्द उर्दूत 'नेम' या अर्थानं आहे. शिस्त बांधणं म्हणजे डोळा, बंदुकीची माशी आणि निशाण एका रेषेत आणणं. जुन्या मराठीतही शिस्त धरायची ती नेमासाठीच. पुढं मराठीनं बंदूक खाली ठेवली आणि सरळ रेषेत असण्याचा गुण तेवढा शब्दात ठेवून घेतला.

गेल्या उन्हाळ्यात या शब्दाचे दोन्ही अर्थ मला एकदम कामाला लागले, एका जुन्या दुर्बिणीमुळे. ही दुर्बीण बंदुकीवरची नव्हे, जमीन कुठं उंच आणि कुठं सखल ते मोजायची. इंजिनिअर लोक तिला डम्पी लेव्हल म्हणतात. पण बंदुकीच्या दुर्बिणीत आणि हिच्यात एक गोष्ट सारखी असते. आत पाहिलं की दोन बारीक रेघांची फुली दिसते. ती फुली जागची हलली की तिकडं नेम चुकतो, इकडं हिशेब चुकतो. ही फुली घरच्या घरी सरळ कशी केली आणि का करावी लागली, ते आज लिहितोय.

माझे अब्बा पाटबंधारे खात्यात खलाशी होते. खलाशी म्हटलं की लोकांना जहाज आठवतं, पण सर्व्हेच्या कामात खलाशी म्हणजे स्टाफ धरणारा, साखळी ओढणारा, खुंट्या ठोकणारा माणूस. जायकवाडीचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरण लोकांना अर्पण केलं. त्याच्या डाव्या कालव्याची लांबी २०८ किलोमीटर, उजव्याची १३२. एवढ्या लांब पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारावर चालतं. हा उतार ठरवताना साहेब दुर्बिणीतून बघायचे आणि समोर उन्हात चार मीटरचा स्टाफ धरून अब्बांसारखे खलाशी उभे असायचे.

अब्बांना त्या कामाची एक खुबी माहीत होती. स्टाफ अगदी सरळ उभा आहे की नाही ते धरणाऱ्याला कळत नाही. मग तो दुर्बिणीच्या दिशेनं हळूच पुढं-मागं झुलवायचा. स्टाफ कलला की रीडिंग वाढतं, सरळ झाला की कमी होतं. "सगळ्यात कमी दिसेल ते खरं," असं ते सांगायचे. आयुष्यभर त्यांनी दुर्बिणीकडं समोरून पाहिलं. मागून पाहायची वेळ क्वचित आली.

खात्यात नवी ऑटो लेव्हल यंत्रं आली तेव्हा जुनी भंगाराच्या लिलावात निघाली. अब्बांच्या ओव्हरसियर साहेबांनी त्यातलं एक घेतलं आणि निवृत्त होताना अब्बांना दिलं. लाकडी पेटी, पितळेची नळी, वर बुडबुड्याची लांब काचनळी. अब्बा दर ईदला तिला कापडानं पुसायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांचा इंतेकाल झाला आणि पेटी माझ्या कपाटावर आली.

ती खाली काढायचं कारण आमचं कब्रस्तान. त्याचा एक कोपरा सखल आहे. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं, कबरी खचतात, आणि मय्यत झाली तर आधी बादल्यांनी पाणी उपसावं लागतं. अब्बांची कबर त्याच ओळीत आहे. तिथून ओढा १८० मीटरवर, पण मध्ये शेजारच्या काकांच्या शेताचा बांध. कब्रस्तान कमिटी म्हणायची, काकांच्या शेतातलं पाणी आमच्याकडं उतरतं. काका म्हणायचे, तुमची जमीन उंच, तुम्ही नाली काढली की सगळं पाणी माझ्या कापसात. दोघंही खोटं बोलत नव्हते. दोघांच्याही डोळ्यांना तसंच दिसत होतं. सपाट जमिनीवर डोळा फसतो, आणि आपल्याकडं पाणी येतंय की जातंय यावर तर तो हमखास आपल्या बाजूनं फसतो. मागं तिथं एक नाली बांधली गेली होती. तिचा उतार उलटा निघाला, म्हणून बोलणं आणखी कडू झालेलं. गावात असल्या गोष्टीचा रंग बदलायला वेळ लागत नाही. कब्रस्तान आणि शेत, एवढे दोन शब्द पुरतात.

मी म्हटलं, मोजू या. पेटी उघडली. डिप्लोमा करणाऱ्या भाच्यानं दुर्बिणीत पाहिलं आणि हसला. "मामू, ही शोपीस आहे. फुली वाकडी आहे, आडवी तार तर ढिली पडलीय."

दुरुस्तीला शहरात पाठवायची तर खर्च, आणि एवढ्या जुन्या लेव्हलला हात कोण लावणार हा प्रश्न. पण घरी, हातानं अशी यंत्रं सरळ करणं हा या कामाच्या इतिहासातला वेडेपणा नव्हे. १८०८ साली विल्यम लॅम्बटन भारताची मोजणी करत तंजावरला होता. त्याचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट मंदिराच्या उंच शिखरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं मोजमापाचं चक्र वाकलं. दुसरं यंत्र इंग्लंडहून यायचं म्हणजे लांबची गोष्ट. लॅम्बटननं तंबूत बसून सहा आठवडे ते चक्र हळूहळू मूळ आकारावर आणलं आणि मोजणी पुढं चालू ठेवली. तोच लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथं आहे.

त्याच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टचं नाव सगळ्यांना माहीत असतं. त्याची यंत्रं कोण दुरुस्त करायचं ते फार थोड्यांना माहीत असतं. आधी हेन्री बॅरो नावाचा विलायती कारागीर होता. तो गेल्यावर ती जबाबदारी अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसैन यांच्याकडं आली. एव्हरेस्टला त्यांच्या हातावर मोठा भरवसा होता. जगातलं सर्वांत उंच शिखर एका साहेबाच्या नावानं ओळखलं जातं. त्या साहेबाच्या यंत्रांची फुली सरळ ठेवणारा माणूस पाठ्यपुस्तकात नाही. अब्बांच्या पेटीसमोर बसताना मला या मोहसीन हुसैनांची सोबत वाटली.

ओव्हरसियर साहेबांनी पेटीबरोबर कानेटकर-कुलकर्णींचं 'सर्व्हेइंग अँड लेव्हलिंग' दिलं होतं. पानं पिवळी, पण समास पेन्सिलीच्या खुणांनी भरलेला. बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की पुस्तकातलं वाक्य हातानं करून पाहावं. तसंच केलं.

फुली म्हणजे काय ते आधी सांगतो. दुर्बिणीच्या नळीत, डोळ्याकडच्या भिंगाच्या पुढं, पितळेची एक छोटी रिंग असते. तिच्यावर आडवी-उभी तार ताणलेली असते. चार बाजूंनी चार स्क्रू नळीतून आत येऊन रिंगला धरून ठेवतात. या स्क्रूंच्या डोक्याला भोकं असतात. त्यांत पिन घालून ते फिरवायचे. नियम एकच. आधी समोरचा सैल करायचा, मगच हा घट्ट करायचा. नुसता घट्ट करत गेलात तर स्क्रूचे आटे जातात किंवा रिंग वाकते.

नव्या यंत्रांत ही फुली काचेवर कोरलेली असते. जुन्यांत ती कोळ्याच्या धाग्याची असायची. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या विल्यम गॅस्कॉइनच्या दुर्बिणीत एका कोळ्यानं धागा ताणला आणि तो त्याला दृश्याबरोबरच स्वच्छ दिसला. दुर्बिणीत रेघ ठेवता येते हे त्याला त्या कोळ्यानं दाखवलं. दुसऱ्या महायुद्धातही अमेरिकेत नेमाच्या उपकरणांसाठी कोळ्यांचे धागे काढले जात होते. एवढा बारीक, एकसारखा आणि ताण सोसणारा धागा माणसाला सहज बनवता येत नव्हता. कुरआनात एका सूरहचं नावच अन्कबूत, म्हणजे कोळी आहे. सगळ्या घरांत कमकुवत घर कोळ्याचं, असा दाखला तिथं येतो. आणि गारे सौरच्या तोंडाशी जाळं विणणाऱ्या कोळ्याची रिवायत आमच्याकडं पोरांनाही पाठ असते. दुबळ्या धाग्यावर मोठा भार, ही गोष्ट आम्हाला नवी नाही.

माझ्या मुलीनं न्हाणीघराच्या खिडकीतला एक छोटा कोळी काडीवर घेतला. काडी हलवली की तो धागा सोडत खाली उतरतो. तो धागा मी तारेच्या यू आकाराच्या काट्यावर गुंडाळून घेतला. कोळी परत खिडकीत गेला. दुर्बिणीच्या डोळ्याकडची नळी काढली, स्क्रू सोडवले आणि रिंग तिरकी करून चिमट्यानं बाहेर काढली. जुना ढिला धागा मऊ ब्रशनं काढला. रिंगवर धाग्यासाठी कोरलेल्या बारीक खाचा असतात. काटा वरून टेकवला की धागा त्यांत बसतो. दोन्ही टोकांना सुईच्या अग्रानं लाखेचा एकेक थेंब लावला. सुताराकडं पॉलिशसाठी असते तीच चपडी, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. पंखा बंद, दार बंद. रात्रभर वाळू दिलं.

सकाळी रिंग जागेवर बसवली. आता तीन गोष्टी सरळ करायच्या होत्या.

पहिली, बुडबुडा. यंत्र स्टँडवर ठेवून पायाच्या स्क्रूंनी बुडबुडा मधोमध आणला आणि दुर्बीण अर्धा फेरा फिरवली. बुडबुडा चार घरं सरकला. यंत्र उलटं फिरलं की दोष दुप्पट होऊन दिसतो. म्हणून निम्मी दुरुस्ती बुडबुड्याच्या नटांनी करायची आणि निम्मी पायाच्या स्क्रूंनी. दोन-तीन फेऱ्यांत तो कुठंही फिरवला तरी मध्ये राहू लागला.

दुसरी, आडव्या तारेचा तिरपेपणा. समोरच्या भिंतीवरचा एक ठिपका तारेच्या डाव्या टोकावर धरला आणि दुर्बीण हळूहळू फिरवली. ठिपका उजव्या टोकापर्यंत तारेवरच राहायला हवा. माझा वर सुटला. चारही स्क्रू किंचित सैल केले, रिंग केसभर वळवली, पुन्हा आवळले. इथं एक सूचना. आधी पांढऱ्या कागदाकडं बघून डोळ्याकडचं भिंग असं फिरवा की तार काळी आणि ठळक दिसेल, मग लांबची वस्तू स्पष्ट करा. डोळा थोडा वर-खाली करून पाहा. तार वस्तूवर सरकताना दिसली तर भिंग अजून नीट लागलेलं नाही, आणि घेतलेलं प्रत्येक रीडिंग डोळ्याच्या जागेवर अवलंबून राहील.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि मला सगळ्यांत आवडलेली. बुडबुडा सांगतो यंत्र समपातळीत आहे. पण फुलीतून जाणारी नजर खरंच आडवी जाते का? ती किंचित वर किंवा खाली जात असेल, तर बघणाऱ्याला ते कधीच जाणवत नाही. त्याला सगळं सरळच दिसतं. हे ओळखायला दोन खुंट्या लागतात.

शाळेच्या मैदानावर ६० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकल्या. आधी यंत्र बरोबर मधोमध, दोन्हींपासून ३० मीटरवर. पहिल्या खुंटीवर रीडिंग १.४२५, दुसरीवर १.६१०. फरक ०.१८५ मीटर. आता गंमत पाहा. नजर वर चढत असली तरी दोन्ही बाजूंना अंतर सारखंच, म्हणून दोन्हीकडं ती सारखीच चढते. वजाबाकीत चूक कटून जाते. यंत्र वाकडं असूनही मधोमध उभं राहिल्यामुळं उत्तर खरं आलं.

मग यंत्र उचलून पहिल्या खुंटीच्या पलीकडं ३ मीटरवर नेलं. आता जवळच्या खुंटीवर १.३८०, लांबच्या खुंटीवर १.६०५. फरक ०.२२५. जमीन तीच, खुंट्या त्याच, पण एका बाजूला सरकताच ४ सेंटिमीटरची तफावत. म्हणजे ६० मीटरला ४ सेंटिमीटर या हिशेबानं नजर वर चढत होती. या जागेवरून लांबच्या खुंटीवर खरं रीडिंग १.५६३ यायला हवं. पिन घेतली, रिंगचा खालचा स्क्रू सैल, वरचा घट्ट. इथं उलटं असतं. रिंग वर गेली की नजर खाली येते, कारण रेघ रिंगमधून पुढच्या भिंगाच्या मध्यातून जाते. वर, थोडं खाली, पुन्हा वर करत तार १.५६३ वर आणली. पुन्हा मधोमध जाऊन, पुन्हा कडेला येऊन ताडून पाहिलं. तिसऱ्या वेळेला दोन्हीकडून फरक एकच आला.

वाकडं यंत्र मधोमध ठेवलं तर खरं सांगतं. कडेला ठेवलं तर ते किती वाकडं आहे ते कळतं. दोन्ही जागी उभं राहिल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. मी दोन भाषा शिकवतो, दोन्हीकडच्या घरी जेवतो, आणि दोन्हीकडं मला कधीमधी विचारलं जातं की नक्की कुणाच्या बाजूचा. त्या दिवशी मैदानावर मला या प्रश्नाचा थोडा कमी त्रास झाला.

मोजणीच्या दिवशी मी काकांना म्हटलं, स्टाफ तुम्हीच धरा. ते म्हणाले, "मास्तर, मला यातलं काय कळतंय?" त्यांना अब्बांसारखं झुलवायला शिकवलं. रीडिंग त्यांच्या मुलानं वाचलं, वहीत कमिटीच्या सेक्रेटरींनी लिहिलं. यंत्र दुरुस्त झालेलं असूनही मी प्रत्येक वेळी ते दोन बिंदूंच्या मधोमधच लावलं. काका हे बघत होते. तिसऱ्या वेळेला त्यांनी स्वतःच पावलं मोजून मला जागा दाखवली.

ओढ्यापर्यंत गेलो आणि मोजत मोजत सुरुवातीच्या दगडावर परत आलो. ३६० मीटरच्या फेरीत फरक ४ मिलिमीटर. हिशेब मांडला. शेताचा कोपरा कबरींच्या ओळीपेक्षा ११ सेंटिमीटर उंच निघाला. म्हणजे पाणी आमच्याकडंच उतरत होतं, कमिटी बरोबर. पण कबरींच्या ओळीपासून ओढ्याच्या काठापर्यंत ६२ सेंटिमीटर उतार होता, आणि नाली जमिनीच्या वर बांधून काढली तर पाणी शेतातच पसरलं असतं. म्हणजे काकांची भीतीही खरी. बांधाच्या कडेनं खोदून नेली तर मात्र नालीचा तळ सगळीकडं शेतापेक्षा खाली राहतो, आणि कबरींचं आणि शेतातलं जास्तीचं, दोन्ही पाणी तिच्यातून जातं. मराठवाड्याच्या मातीला ही अक्कल जुनी आहे. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत, म्हणजे औरंगाबादेत, डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून उतारावर आणलं होतं. त्याच्याही सहाशे वर्षं आधी इराणच्या अल-करजीनं जमिनीखालच्या पाण्यावर ग्रंथ लिहिताना उंची मोजायची साधनं वर्णन करून ठेवली होती.

काकांनी वही हातात घेतली, आकडे बोटानं चाळले आणि म्हणाले, "बांधाला हात लावा, पण माझ्या बाभळीला नको." मिरगाच्या आधी नाली खणून झाली. बाभूळ जागेवर आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर मी फजरची नमाज पढून कब्रस्तानात गेलो. अब्बांच्या ओळीत चिखल होता, पाणी नव्हतं.

लेव्हल पुन्हा पेटीत आहे. ही दुरुस्ती कायमची नसते. उन्हानं, गाडीच्या धक्क्यानं, पावसाळी हवेनं फुली पुन्हा हलते. म्हणून दोन खुंट्यांच्या चाचणीची तारीख आणि चारही आकडे चिठ्ठीवर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेत, वर मराठीत, खाली उर्दूत. परवा काकांचा मेहुणा शेततळ्यासाठी यंत्र मागायला आला होता. खुशाल न्या म्हटलं, पण आधी मैदानावर दोन खुंट्या ठोकू.